फळ्यावर खोडत बसणाऱ्या ताई: रविवारच्या मराठी लेखन क्लासचा रिव्ह्यू (इंदूर)

तीन-चार जणींनी फोन करून विचारलं की तो रविवारचा मराठी लिहायचा क्लास कसा आहे गं, पोरीला घालू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लासचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि इंदूरचं मराठी वर्तुळ ते केवढंसं, उद्या गणपतीत आरतीला समोरासमोर उभं राहायचंय. ज्यांना खरंच पाहिजे त्यांना पत्ता देईन. राजवाड्यापासून स्कूटीवर दहा मिनिटं, जुन्या घराचा वरचा मजला, बारा रविवार, सकाळी साडेनऊ ते अकरा, फी 2400.

आधी आमची परिस्थिती सांगते. चिरंजीव सहावीत, शाळा इंग्लिश मीडियम, गल्लीत हिंदी, घरी मराठी, पण ती आपली इंदुरी, म्हणजे "आई मी पडून गेलो" आणि "बाबा काय करून राहिलेत". बोलायला फाडफाड, लिहायला बसवलं की दगड. माझ्या आईला पुण्याला वाढदिवसाचं पत्र लिही म्हटलं तर पाऊण तास पेन चावत बसला आणि लिहिलं काय, "प्रिय आजी। तू कशी आहेस। मी ठीक आहे।" तेही हिंदीसारखे उभे दंड मारून. मराठीत वाक्याच्या शेवटी टिंब देतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सांगायचं सुचलं नव्हतं.

त्याआधी एका निबंधाच्या क्लासला घातला होता (तेही नाव नको). तिथे सर तयार निबंध सांगायचे, पोरं उतरवून घ्यायची, घरी पाठ करायची. अक्षर सुधारलं, नाही कशाला म्हणू. पण नंतर एकदा मी म्हटलं आज एवढा पाऊस झाला, त्याच्यावर दोन ओळी लिही, तर साहेबांनी लिहिलं "धरतीने हिरवा शालू नेसला आहे". आमच्या गॅलरीतून धरती दिसतच नाही हो, समोरच्यांची काळी पाण्याची टाकी दिसते. टाकीने शालू नेसला असं लिहिलं असतं तरी मी पेढा दिला असता.

तर हा नवा क्लास. पहिल्या रविवारी पालकांना मागे बसू देतात. चौदा मुलं, चौथी ते आठवी सगळी एकत्र. ताई आल्या, नमस्कार-चमत्कार झाला, फळ्यापाशी गेल्या (फळा पांढरा आहे, मार्करवाला, पण आपण फळाच म्हणू) आणि नुसत्या उभ्या राहिल्या. एक मिनिट झालं, दीड झालं. मला वाटलं विसरल्या की काय, शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला काल सकाळी खाल्लेल्या पोह्यांवर लिहायचंय, पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये. दुकानापासून करू? का भूक लागली होती तिथपासून?" आणि लिहिलं, "काल मी पोहे खाल्ले. पोहे खूप छान होते."

दोन पावलं मागे आल्या, वाचलं, म्हणाल्या, "छान म्हणजे काय पण? हे वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटेल का? माझ्याच नाही सुटलं." आणि "खूप छान होते" वर सरळ आडवी रेघ. पुसलं नाही, खोडलं, म्हणजे खालचं सगळ्यांना दिसत होतं. मग वर लिहिलं "पोह्यांतून वाफ येत होती". पुन्हा वाचलं. "बरंय, पण वाफ तर डाळीतून पण येते." तेवढ्यात मागून एक चौथीतली चिमुरडी ओरडली, "जिरावन नाकात जातं!" (जिरावन म्हणजे इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला.) ताई थांबल्या, म्हणाल्या "अगं हो की, तसंच झालं होतं", आणि पहिलं वाक्यच काढून टाकून वर लिहिलं, "पहिल्याच घासाला जिरावन नाकात गेलं आणि मला सटकन शिंक आली." मग पोहे, मग दुकान, मग शेजारच्या माणसाच्या प्लेटमधे उडालेली शेव. वीस मिनिटांत जेमतेम सहा वाक्यं झाली आणि फळा असा दिसत होता जसं कोंबडी नाचून गेलीये, बाण, रेघा, समासात "इथे काहीतरी कमी आहे" असं लिहून ठेवलेलं, एका शब्दावर प्रश्नचिन्ह.

चिरंजीवांकडे बघितलं तर तोंड उघडं. घरी येताना स्कूटीवर मागून विचारतो, "आई, मोठ्या लोकांचं पण चुकतं का लिहिताना?" म्हणजे आजपर्यंत त्याने पुस्तकात छापलेलं पाहिलं, फळ्यावर उतरवून घ्यायचं पाहिलं, पण कुणाला लिहिताना असा पाहिलाच नव्हता. विचार करा, पोळी लाटायला शिकवताना आपण पोरीला बाजूला उभी करतो, पीठ किती सैल झालं, चिकटलं तर काय करायचं ते करून दाखवतो, आणि लिहायला शिकवताना मात्र झाकलेला पोळ्यांचा डबा समोर ठेवतो आणि म्हणतो कर अशी.

आमचे मिस्टर शंकेखोर, त्यांना वाटलं ही ताईंची तयारी नसते म्हणून खाडाखोड. तिसऱ्या रविवारी पालकांची मीटिंग होती, तिथे विचारलंच त्यांनी, तोंडावर. ताई हसल्या, वही दाखवली, पोह्यांचं कुठे अडायचं हे अर्धं आधी ठरवलेलं होतं, अर्धं खरंच ऐनवेळचं. मग सांगितलं की ही पद्धत काही त्यांनी घरी शोधलेली नाही. अमेरिकेत लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज म्हणून दोघं होते, त्यांनी लोकांना लिहिताना डोक्यात जे येईल ते मोठ्याने बोलायला लावलं आणि टेप करून ठेवलं, 1981 मधे त्याच्यावर लेख आला. त्यातून असं दिसलं की आधी ठरवा, मग लिहा, मग तपासा अशी सरळ रांग नसतेच, लिहिणारा सारखा मागे-पुढे करतो, तिसऱ्या वाक्यावर आल्यावर कळतं की आपल्याला दुसरंच सांगायचं होतं. आणि हे मागे-पुढे होणं डोक्यात होतं, म्हणून पोरांना दिसत नाही, म्हणून त्यांना वाटतं हुशार लोकांना वरून पाझरत येतं. मोठ्याने बोलत लिहिलं की ते दिसतं, एवढाच सगळा खटाटोप. तिकडेच अमेरिकेत बर्कलीला 1974 मधे शिक्षकांसाठी एक प्रकल्प सुरू झाला होता, त्यात मुख्य गोष्ट हीच की लिहायला शिकवणाऱ्याने आधी स्वतः लिहायला बसायचं. हे ऐकून मिस्टर गप्प झाले, निदान मीटिंगपुरते.

आता पद्धत पुढे कशी जाते ते सांगते, कारण लोकांना वाटतं बारा रविवार ताईच लिहितात आणि पोरं बघतात. तसं नाहीये. आधी ताई लिहितात, मग ताईंच्या हातात मार्कर पण वाक्यं मुलांची, मग मार्कर पण मुलांकडे, मग जोडीजोडीने, मग एकट्याने. आधी मी, मग आपण, मग तू, असं त्या म्हणतात. ह्याचंही मूळ तिकडचंच, 1983 मधे पिअरसन आणि गॅलघर ह्या दोघांनी वाचनाच्या बाबतीत मांडलं होतं की जबाबदारी हळूहळू मुलाकडे सरकवायची, एकदम अंगावर टाकायची नाही. आणि सरळ पुढेच जातात असंही नाही, सातव्या आठवड्यात पत्रलेखन आलं तेव्हा परत ताई फळ्यापाशी, कारण प्रकार नवा.

मधला "आपण" वाला टप्पा मला सगळ्यात आवडला. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांवर, लिहायचं होतं. एक मुलगा म्हणाला "मिलच्या झांक्या निघतात, त्या बघायला फार गर्दी होते." ताईंनी जसंच्या तसं लिहिलं आणि विचारलं, गर्दी तुला कुठून दिसली, तू कुठे होतास? तो म्हणाला बाबांच्या खांद्यावर. मग वर्गात दहा मिनिटं भांडण, "खांद्यावर" आधी येणार का "गर्दी" आधी. शेवटी झालं "मी बाबांच्या खांद्यावर होतो म्हणून मला झांकी दिसली, बाबांना फक्त लोकांची डोकी दिसली." बघा, गर्दी शब्दच गेला आणि गर्दी राहिली. मला हे चाळीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

पण सगळं गोड गोड नाहीये, आता येते तक्रारींवर.

सुरुवातीला एक मोठा घोळ झाला. त्या पहिल्याच रविवारी ताईंचं फळ्यावर लिहून झालं आणि म्हणाल्या आता तुम्ही लिहा, आणि फळा तसाच ठेवला. घरी वही उघडून बघते तर आमच्याही चिरंजीवांना पहिल्याच घासाला सटकन शिंक आली होती. फोन केला तर शेजारणीच्या मुलीलाही शिंक, तिच्या मैत्रिणीलाही शिंक. अख्ख्या बॅचला सर्दी! मी ताईंना मेसेज केला, जरा तिखटच केला, की हे आणि आधीच्या सरांचा तयार निबंध ह्यात फरक काय राहिला मग. त्यांनी त्या दिवशी उत्तर दिलं नाही (हा राग आहे माझा अजून), पण पुढच्या रविवारपासून आपलं लिहून झालं की फळा पुसायला लागल्या आणि मुलांचा विषय वेगळा ठेवायला लागल्या. मुलांना उचलायची होती ती कशी खोडली आणि का खोडली ती युक्ती, वाक्यं उचलायची नव्हती. तरी दोन-तीन पोरं अजूनही ताईंसारखंच लिहितात, प्रत्येक निबंधाला पहिल्या ओळीत काहीतरी सटकन होतंच.

पाचव्या रविवारी ताई लग्नाला गेल्या आणि बदलीवर एक दुसऱ्या मॅडम आल्या. त्या भल्या होत्या, पण घरून सुंदर अक्षरात लिहिलेला चार्ट घेऊन आल्या, भिंतीला लावला, म्हणाल्या असं लिहायचं बरं का, आणि उत्तम परिच्छेदाचे गुण समजावले, सुरुवात, मध्य, शेवट, अलंकारिक भाषा. मुलांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी खाली स्कूटीला जागा नव्हती म्हणून वरच थांबले होते, तर फरक डोळ्यांनी पाहिला, पोरं परत पेन चावायला लागली. आमचे तर खिडकीबाहेर. त्या दिवसाचे पैसे परत मिळायला हवे होते, नाही मिळाले, जास्तीचा क्लासही घेतला नाही. बदली माणूस पाठवायचाच तर त्याला आधी आपली पद्धत दाखवा ना.

चौथी ते आठवी एकत्र ही पण चूक. आठवीच्या मुलींना पोहे आणि झांक्यांचा कंटाळा आला, त्यांना मत मांडायचं असतं, वाद घालायचा असतो, एक जण मला म्हणाली काकू आम्हाला "शाळेत मोबाईल असावा का" असं काहीतरी लिहायचंय. बारा रविवारांत बहुतेक वेळा गोष्टी आणि आठवणी, पत्र दोनदा, पोह्यांच्या कृतीसारखी माहिती एकदा, आणि मुद्दा पटवून देणारं लेखन शून्य. मोठ्या मुलांच्या आयांनी हे आधी विचारून घ्या. शिवाय फळा लहान, ट्यूबलाईट त्याच्यावर चमकते, मागच्या बाकावरून खोडलेल्याच्या खालचं वाचता येत नाही, आणि खोडलेलंच तर बघायचं असतं. वेळ साडेनऊची असली तरी पावणेदहा धरा. पार्किंगचं तर विचारूच नका.

आता शुद्धलेखन, कारण ह्याच्यावर आमच्या घरात महिनाभर महाभारत चाललं. सासूबाई निवृत्त शिक्षिका, वय 78, त्यांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "खाडाखोड करायला पैसे देताय? आमच्याकडे छडी मिळायची ह्याच्याबद्दल." त्यात ताई पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हातच लावत नाहीत, म्हणतात तो शेवटचा हात, आधी सांगायचं काय ते सापडू दे. सासूबाईंना ते पटेना. मग दहाव्या रविवारी ताईंनी फक्त तेवढ्यावरच क्लास घेतला, तोही तसाच, आपलाच उतारा फळ्यावर लिहून त्यात मोठ्याने शंका काढत. "मी शक्ति लिहिलं, हे हिंदीच्या पुस्तकात बरोबर आहे, मराठीत शेवटची वेलांटी दुसरी, म्हणून शक्ती. कवि नाही, कवी. साधु नाही, साधू." आपल्याकडच्या पोरांची खरी अडचण हीच आहे हो, लिपी एक आणि नियम दोन, शाळेत हिंदीच्या बाईंनी बरोबर दिलेलं मराठीत चूक आणि मराठीतलं तिकडे चूक. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हे सापडत नाही कारण त्यांना हा त्रासच नाही. आणि ते उभे दंड त्या एका दिवसात गेले.

हे घरी सांगितलं तर सासूबाईंनी कपाटातून त्यांच्या वडिलांची जुनी पत्रं काढली. त्यात "कांही", "नांव", "घरांत", सगळीकडे अनुस्वारच अनुस्वार. चिरंजीव म्हणाला पणजोबांचं शुद्धलेखन कच्चं होतं! सासूबाई हसून हसून बेजार, मग समजावलं की तेव्हा तसंच बरोबर होतं, 1962 मधे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले, त्यात हे उच्चार नसलेले अनुस्वार गेले, 1972 मधे आणखी चार नियम जोडले. आणि त्याच पत्रांत त्याला एक गोष्ट सापडली जी मला कधी दिसली नव्हती, पणजोबांनी दोन ठिकाणी शब्द खोडून वर दुसरा लिहिलाय. एका ठिकाणी "पैसे पाठवितों" खोडून "पैसे पाठविण्याचा प्रयत्न करितों". तो त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसला. सासूबाई पण.

फरक पडला का, हेच सगळ्यांना ऐकायचंय. पडला, पण जादू वगैरे नाही. अजून आळशी आहे, अजून म्हणतो किती ओळी लिहू. पण दगड राहिला नाही. रंगपंचमीच्या गेरवर, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीवर, त्याने जे लिहिलंय त्यातला पहिला खर्डा असा होता, "आम्ही गेर बघायला गेलो. खूप मजा आली. खूप रंग होता." तिसरा खर्डा असा, "राजवाड्याजवळ टँकरमधून रंग वर उडाला तेव्हा सगळे वर बघत होते, मी खाली बघत होतो कारण माझी एक चप्पल गेली होती. काका म्हणाले सोड, नवीन घेऊ. मी एका पायाने गेर बघून राहिलो होतो." ते "बघून राहिलो होतो" मला खटकलं, मी म्हटलं "बघत होतो" कर, तर म्हणतो, ताईंनी विचारलं होतं बदलू का, मी नाही म्हणालो, मी तसाच बोलतो. ताईंनी ठेवलं. मी पण गप्प बसले. सासूबाई अजून बसलेल्या नाहीत.

एक दुष्परिणाम सांगून ठेवते. माझे मेसेज तपासतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल लिहीत होते, मागून वाचून म्हणतो, "आई, तुझं खरं म्हणणं चौथ्या वाक्यात आहे, वरची तीन काढ." काढली. पहिल्यांदाच सेक्रेटरींचं उत्तर आलं.

शाळेत मात्र त्रास आहे, तो लपवत नाही. युनिट टेस्टला हिंदीच्या पेपरात तो सवयीने खोडत बसला, वेळ पुरला नाही आणि वर शेरा आला की स्वच्छ लिहा, मार्क कापले. ताईंना विचारलं तर म्हणाल्या परीक्षेत खर्डा मागच्या पानावर, दोन मिनिटं, फक्त मुद्दे, आणि हे पण फळ्यावर करून दाखवायला हवं होतं, माझं राहिलं. कबूल केलं हे आवडलं, पण मार्क तर गेलेच ना. पुढच्या बॅचला घालणार असाल तर हे आधीच मागून घ्या.

पाचपैकी चार देते. एक तारा बदली मॅडम आणि पार्किंग मिळून गेला. आधीच्या निबंधाच्या क्लासला दोन दिले असते, तेही अक्षरासाठी. मुलांना फक्त मार्क हवे असतील तर हा क्लास नका लावू, रागवाल. घरी मोफत करून बघायचं असेल तर एवढं करा, किराण्याची यादी सोडून दुसरं काहीतरी, म्हणजे नणंदेला पत्र वगैरे, पोरासमोर बसून मोठ्याने बोलत लिहा आणि जिथे अडाल तिथे खरंच अडा. मी केलं, दुसऱ्याच वाक्याला घाम फुटला.

पुढची बॅच गणपतीनंतर, नाव आत्ता द्यावं लागतं, चौदाच घेतात. लांब वही आणा, एक ओळ सोडून लिहायला लावतात म्हणून दोनशे पानीच घ्या. पेन्सिल नाही, पेन. खोडरबर आणू नका, दारात बिस्किटांचा एक जुना डबा ठेवलाय, त्यात टाकून मगच आत जायचं, सुटताना परत घ्यायचं. आमचं पहिल्या रविवारी टाकलेलं अजून त्याच डब्यात आहे.